नाव, गाव, वस्ताद : जुन्या ‘फ्रीस्टाईल’ पैलवानांची खरी ओळख कशी लावतात

चरईतल्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना तात्यांची वही हाती लागली. तात्या म्हणजे माझे थोरले काका. दोनशेपानी वही, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग, आत पानोपानी वर्तमानपत्रांची कात्रणं घरच्या खळीनं चिकटवलेली. खळ आता तपकिरी पडली आहे, कडा कसरीनं खाल्ल्या आहेत. कात्रणं सगळी कुस्तीची. पण कोल्हापूर-सांगलीच्या लाल मातीतली नव्हेत. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दिव्यांच्या झोतात ज्या ‘फ्रीस्टाईल’ दंगली व्हायच्या, त्यांची. तात्या कामावरून सुटले की ठाण्याहून लोकल पकडून जायचे आणि शेवटच्या गाडीनं परत यायचे.

एका पानावर दारासिंग आणि किंग काँग नावाचा परदेशी पैलवान आमनेसामने. पुढच्या पानावर काळा बुरखा ओढलेला एक पैलवान. खाली तात्यांनी शिसपेन्सिलीनं लिहिलंय : ‘हा कोण? गाव कुठलं? वस्ताद?’

हे तीन प्रश्न आपल्या कुस्तीतले आहेत. मैदानात जोड उभी राहिली की पुकारणारा आधी पैलवानाचं नाव घेतो, मग गाव, मग तालीम आणि तो कुणाचा पठ्ठा ते. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले तेव्हा ते एकसंब्याचे आणि कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीचे, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रिंगमधल्या धंदेवाईक कुस्तीत मात्र नाव, गाव आणि वस्ताद या तिन्ही गोष्टी आयोजक ठरवायचा. पोस्टरवर जे छापलं असेल ते खरं असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. तरी त्या पोस्टरमागे एक हाडामासाचा माणूस होता. त्याला आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, तो कुठल्या तरी गावात वाढला होता, कुणीतरी त्याला पहिला डाव शिकवला होता. ही माणसं शोधायचं वेड मला त्या वहीनं लावलं. ती कशी शोधतात, ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवायला हवा. ‘फ्रीस्टाईल’ म्हटलं की मागच्या पिढीला दारासिंग आठवतात. पण ऑलिंपिकमध्येही फ्रीस्टाईल नावाचा प्रकार आहे आणि तो पूर्ण वेगळा. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत जे कांस्यपदक मिळवलं ते त्या फ्रीस्टाईलमधलं. तिथं गुण मोजले जातात आणि जिंकणारा आधी ठरलेला नसतो. वरळीच्या दंगली म्हणजे ज्याला जग ‘प्रो रेसलिंग’ म्हणतं तो खेळ. त्यातला निकाल बहुतेकदा आधी ठरायचा. आपल्याकडं याला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द जरा तुच्छतेनंच वापरतात. मला ती तुच्छता पटत नाही. निकाल ठरलेला असला तरी दीडशे किलोचा माणूस अंगावर पडतो तेव्हा बरगडीला ते ठाऊक नसतं. शोध घेणाऱ्यानं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की जुन्या मराठी वर्तमानपत्रात ‘फ्रीस्टाईल’ दिसलं तर ते दोन्हींपैकी कुठलं हे आधी ठरवावं. नाहीतर पहिल्याच पायरीला वाट चुकते.

खोटं नाव का घ्यायचे?

अमेरिकेतल्या जत्रांमधून या धंद्यात एक शब्द आला : केफेब. रिंगमध्ये जे दाखवतो ते बाहेरही खरंच आहे असं वागायचं, हा त्याचा अर्थ. रिंगमधले वैरी एका हॉटेलात एकत्र जेवायचे नाहीत. ‘मंचुरियाचा राक्षस’ म्हणून आणलेला पैलवान लोकांसमोर इंग्रजी बोलायचा नाही. गोरिला मॉन्सून हा असाच मंचुरियातला म्हणून पुढं आणलेला पैलवान. त्याचं खरं नाव रॉबर्ट मरेला, गाव न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर. ‘सुदानचा माथेफिरू’ अब्दुल्ला द बुचर म्हणजे कॅनडातल्या विंडसरचा लॅरी श्रीव्ह. ‘युगांडाचा कमाला’ मिसिसिपीतला जेम्स हॅरिस होता. डोक्याला पिसं लावून रेड इंडियन सरदार म्हणून उतरणारा चीफ जे स्ट्राँगबो इटालियन घरातला, नाव जो स्कार्पा. तिकिटं विकायची तर परका, भयंकर, दूरदेशीचा माणूस लागतो, हा आयोजकांचा हिशेब. त्यात कुणाच्या तरी वंशाची आणि देशाची चेष्टा होत होती, हेही नाकारायचं कारण नाही.

काही जणांची कारणं याहून खोल होती. जपानमध्ये रिकिदोझान हा राष्ट्रपुरुषासारखा पूजला गेला. युद्धात हरलेल्या देशाला त्यानं टीव्हीवर अमेरिकन पैलवान लोळवून दाखवले. पण तो जन्मानं कोरियन होता, नाव किम सिन-राक, आणि ही गोष्ट तो हयात असेपर्यंत जपानी जनतेपासून लपवून ठेवली गेली. १९६३ च्या डिसेंबरात सुऱ्याच्या जखमेनं तो गेला. आयुष्यभर स्वतःचं जन्मगाव लपवायचं आणि त्याच लोकांचा लाडका व्हायचं, या ओझ्याचा विचार मनातून जात नाही.

उलट काही जणांना लपवायचं काहीच नव्हतं. १९६८ साली मुंबईत दारासिंगांनी ज्याला हरवलं तो लू थेझ खरोखरच थेझ होता. अलॉयसियस मार्टिन थेझ. आणि दारासिंग हे दीदारसिंग रंधावा, अमृतसर जिल्ह्यातल्या धरमूचकचे. दीदारचं दारा झालं, एवढाच फरक.

एक माणूस अनेक, अनेक माणसं एक

शोधातली खरी मेख इथं आहे. रिंगमधलं नाव हे माणसाचं नाव नसतं, ती नाटकातल्या भूमिकेसारखी जागा असते. तिच्यावर आज एक बसतो, उद्या दुसरा. आणि एकच माणूस गावोगावी वेगवेगळ्या जागांवर बसतो.

आंद्रे द जायंट घ्या. नव्वदच्या दशकात ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफची (म्हणजे अमेरिकेतल्या प्रो रेसलिंगच्या कंपनीची, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) ट्रम्प कार्डं जमवली, त्यांना हा माणूस ठाऊक असेल. फ्रान्सचा आंद्रे रुसिमोफ. तो जपानात मॉन्स्टर रुसिमोफ होता, माँट्रियलमध्ये जाँ फेरे होता. १९८६ साली त्याला मुखवटा घालून ‘जायंट मशीन’ म्हणून उतरवलं. एवढ्या उंचीचा माणूस मुखवट्यात लपणार कसा? पण नाव वेगळं, म्हणून नोंद वेगळी. नुसत्या नावांवर भरवसा ठेवणाऱ्याच्या यादीत तो चार माणसं होऊन बसतो.

डिस्ट्रॉयर हा दुसरा नमुना. बफेलोचा डिक बायर पांढरा मुखवटा घालून जपानात गेला आणि १९६३ मध्ये रिकिदोझानशी त्याची जी कुस्ती झाली ती जपानी टीव्हीच्या इतिहासात आजही मोजली जाते. तोच बायर मिनेसोटाच्या बाजूला दुसऱ्या मुखवट्यात डॉक्टर एक्स होता.

आता उलटी बाजू. ‘स्ट्रँगलर’ लुईस नावाचे दोन मोठे पैलवान होऊन गेले. पहिला एव्हन लुईस, एकोणिसाव्या शतकातला. दुसरा एड लुईस, १९२० च्या दशकातला जगज्जेता, ज्याचं खरं नाव रॉबर्ट फ्रीडरिक. दुसऱ्यानं पहिल्याचं नाव उचललं. दोघंही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचेच, त्यामुळं जुन्या कात्रणात ‘विस्कॉन्सिनचा स्ट्रँगलर लुईस’ एवढंच असेल तर वर्ष पाहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

मी स्वतः इथं एकदा सपशेल चुकलो आहे. केंडो नागासाकी या नावाखाली मी ब्रिटनमधली आणि अमेरिकेतली कात्रणं एकाच माणसाच्या नावावर लावत गेलो. ब्रिटनचा मुखवटेवाला केंडो नागासाकी हा पीटर थॉर्नली नावाचा इंग्रज. त्यानं १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला समारंभपूर्वक मुखवटा काढला होता. अमेरिकेत १९८० च्या दशकात त्याच नावानं लढणारा काझुओ साकुराडा हा खरोखरीचा जपानी पैलवान. माझ्या वहीत या दोघांचं मिळून एकच आयुष्य झालं होतं. सगळी पानं फाडून पुन्हा लिहिली.

मुखवट्याचा खेळ काही काल-परवाचा नाही. १९१५ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन ऑपेरा हाउसमध्ये मोठी स्पर्धा भरली होती आणि प्रेक्षक काही केल्या येत नव्हते. मग एक मुखवटेवाला प्रेक्षकांतून पुढं आला, मलाही लढू द्या म्हणाला आणि थिएटर भरायला लागलं. तो ‘मास्क्ड मार्व्हल’ म्हणजे मॉर्ट हेंडरसन, पेन्सिल्व्हेनियातल्या अल्टूना इथं रेल्वेत डिटेक्टिव्ह म्हणून काम केलेला पैलवान. पुढं कितीतरी जण याच नावानं लढले. म्हणून कुठल्याही कात्रणात ‘मास्क्ड मार्व्हल’ दिसला की तो हेंडरसनच, असं धरून चालत नाही.

मग शोधायचं कसं?

पहिलं हत्यार तारीख. कागद घ्या, डाव्या बाजूला तारखा लिहा, उजव्या बाजूला गाव आणि त्या रात्री वापरलेलं नाव. संशयातली दोन्ही नावं एकाच तक्त्यात भरा. एका रात्री एक नाव मुंबईत आणि दुसरं सिंगापुरात लढलं असेल तर विषय संपला. ती दोन माणसं. याउलट एक नाव मार्चमध्ये बंद पडलं, दुसरं एप्रिलमध्ये शेजारच्या प्रांतात उगवलं आणि पुढं ती दोन नावं कधीही एकाच आठवड्यात दिसली नाहीत, तर खोदत राहायला हरकत नाही. इथं एक पथ्य आहे. तारखा जुळल्या म्हणून माणूस सिद्ध होत नाही, तो फक्त बाद होण्यापासून वाचतो.

तारखा मिळतात जुन्या वर्तमानपत्रांतून, आणि आज हे घरबसल्या होतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन ठेवली आहेत, ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आहे, न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा संग्रह आहे. सगळं फुकट. भारतात येणारे पैलवान सिंगापूर-मलाया करत यायचे किंवा इथून तिकडं जायचे, म्हणून आपल्या माणसांच्या खुणा तिकडच्या पेपरांत भरपूर सापडतात. मराठी बाजूसाठी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात बसतो. १८९३ सालची संस्था आहे ही. जुन्या अंकांच्या बांधीव फायली उलगडताना हात काळे होतात, पण जाहिरातीच्या कोपऱ्यात कधीकधी आख्खं पोस्टर सापडतं.

दुसरं हत्यार शरीर, पण ते जपून वापरायचं. पोस्टरवरची उंची आणि वजन यांवर काडीचाही विश्वास ठेवू नये. ते आकडे आयोजक फुगवायचे. केस बदलतात, दाढी येते-जाते, पोट सुटतं. मुखवटा काढून लढणाऱ्याचे कान मात्र बदलत नाहीत. वर्षानुवर्षं चटईवर घासून पैलवानाचा कान सुजतो, आत गाठ धरते आणि त्याचा जो वेडावाकडा आकार होतो तो कायमचा. दोन फोटोंतले कान शेजारी ठेवून पाहा. मातीतल्या पैलवानांना हे सांगायला नको, ते समोरच्याचा कान पाहूनच किती वर्षं घासलेली आहेत ते ओळखतात. कपाळावरचे वण, मोडून बसलेलं बोट, गोंदण हेही कामाला येतं. खास डावावरून माणूस ओळखला असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेतो, पण लिहून घेत नाही. डाव चोरला जातो.

तिसरं आणि सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे सरकारी कागद. रिंगमध्ये खोटं नाव चालतं, सही करताना नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ साली अमेरिकेत लक्षावधी पुरुषांनी सैन्यभरतीची कार्डं भरली. त्यावर खरं नाव, जन्मतारीख, पत्ता, धंदा आणि मालकाचं नाव असतं. डोळ्यांचा, केसांचा रंग, बांधा आणि खाली सहीसुद्धा. धंद्याच्या रकान्यात ‘रेसलर’ असं लिहिलेलं दिसलं की अंगावर काटा येतो. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षं बंद ठेवून मग खुली करतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. शिवाय जहाजांच्या प्रवाशांच्या याद्या, नागरिकत्वाचे अर्ज, कोर्टाचे निकाल. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कुस्तीसाठी सरकारी परवाना लागायचा. याच जाचातून सुटण्यासाठी १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मंडळींनी न्यू जर्सीत उघड कबूल केलं की हा खेळ नसून करमणूक आहे. तिथं केफेबचा बुरखा सरकारदरबारी उतरला.

मेक्सिकोत तर हे काम नियमानंच होतं. तिथं मुखवटा पणाला लावून कुस्त्या होतात. हरणाऱ्यानं भर रिंगमध्ये मुखवटा काढायचा, खरं नाव, गाव आणि किती वर्षं लढतोय ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून येतं. तात्यांना हे कळलं असतं तर किती आवडलं असतं! मात्र जो कधी हरलाच नाही त्याचं नाव असं मिळत नाही. तिथला सर्वांत मोठा पैलवान एल सांतो हा रोडोल्फो गुझमान हुएर्ता. चंदेरी मुखवट्यात त्यानं चार दशकं काढली, १९८४ च्या जानेवारीत टीव्हीवर एकदाच मुखवटा वर करून चेहरा दाखवला आणि पुढच्याच महिन्यात गेला. मुखवट्यासकट त्याला पुरलं. ‘एल सांतो’ होण्याआधी तो दुसऱ्या एका पैलवानाचं ‘वटवाघूळ’ हे नाव ‘क्रमांक दोन’ लावून वापरत होता; मूळ वटवाघळानं तक्रार केली आणि कुस्ती आयोगानं ते नाव काढून घेतलं. नावांची अशी भांडणं झाली की शोध घेणाऱ्याचं फावतं, कारण भांडणात खरी नावं कागदावर येतात.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे, लिपीची आणि सरहद्दीची. गामा पैलवान म्हणजे गुलाम मोहम्मद बक्ष बट. अमृतसर जिल्ह्यात जन्म, १९६० साली लाहोरला मृत्यू. भारतीय की पाकिस्तानी, हा रकाना भरतानाच गडबड होते. १९१० साली लंडनमध्ये त्याच्याशी अडीच तासांहून जास्त लढून बरोबरी करणारा आणि ठरलेल्या पुढच्या कुस्तीला न आलेला झ्बिश्को हाही मूळचा झ्बिश्को नव्हे. तो यान स्तानिस्वाव त्सिगानियेविच, पोलिश. पण तो जन्मला तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात, म्हणून जुन्या कागदांत देश भलताच सापडतो. १९२८ मध्ये पतियाळात गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. बंगालचा जतींद्र चरण गुहा हा गोबर गुहा म्हणून गाजला, तर अमेरिकी पेपरांत तो ‘गोहो’. १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं अॅड सँटेलला हरवलं, आणि तो सँटेलही खरा अॅडोल्फ अर्न्स्ट. एका कुस्तीत दोन पैलवान आणि चार नावं.

पुढं गामा हे नावच वारसा झालं. कॅनडात कॅल्गरीला गामा सिंग नावाचा पैलवान गाजला. तो गदोवर सिंग सहोता. त्याचा भाचा युवराज सिंग धेसी २०१७ मध्ये जिंदर महल नावानं डब्ल्यूडब्ल्यूई विजेता झाला. जिथं नाव बदलूनही आदर दिसतो, तिथं मला या खोट्या नावांबद्दल माया वाटते.

किंग काँगला शोधताना मला लिपीनंच सहा महिने रखडवलं. मराठीत त्याचं आडनाव नीट कधी छापलंच गेलं नाही आणि मी ऐकीव उच्चारावरून रोमन अक्षरं जुळवत होतो. शेवटी कळलं की स्पेलिंग सी-झेड-ए-जे-ए असं आहे. इंटरनेटवर ‘दारासिंग किंग काँग’ असं टाकलं तर १९६२ चा त्याच नावाचा हिंदी चित्रपटच पुढं येतो, कारण त्यात नायक दारासिंगच होते. स्पेलिंग हाती आल्यावर सिंगापूरच्या जुन्या पेपरांत वाट मोकळी झाली. एमिल चाया. हंगेरियन. १९०९ चा जन्म. मोटार अपघातानंतर १९७० साली सिंगापुरात मृत्यू. तात्या आम्हा पोरांना सांगायचे की तो डझनावारी कोंबड्या खातो, आणि आम्ही घाबरून त्यांच्या मांडीत घुसायचो. तो माणूस घरापासून इतक्या लांब गेला, हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं.

खात्री केव्हा झाली म्हणायची? माझा नियम असा : एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जागांहून एकच नाव आलं पाहिजे, आणि त्यातली एक जागा कुस्तीच्या धंद्याबाहेरची हवी. मृत्यूची बातमी, थडग्यावरचा दगड, सरकारी नोंद, काहीही. दोन संकेतस्थळांवर तेच लिहिलंय हे दोन पुरावे होत नाहीत. एकानं दुसऱ्याचं उतरवलेलं असतं. आणि पैलवान किंवा त्याचं घर हयात असून त्यांना नाव उघड व्हायला नको असेल, तर मी तिथं थांबतो. ते नाव माझ्या वहीत राहतं.

तात्यांच्या वहीत किंग काँगच्या कात्रणाखाली मी पेनानं त्याचं नाव, देश आणि सालं लिहिली आहेत. वस्तादाची जागा रिकामी आहे. पुढच्या पानावरच्या बुरखेवाल्याकडं परवा भिंगातून पुन्हा पाहिलं. छपाईचे ठिपके मोठे होतात आणि चेहरा त्यात विरघळून जातो, पण बुरख्याच्या खालच्या कडेतून डाव्या कानाची पाळी बाहेर आली आहे. ती आत वळून गोळा झालेली आहे, मधोमध एक खाच आहे. त्या खाचेचं चित्र काढून मी वहीला टाचून ठेवलंय, आणि रविवारी ग्रंथ संग्रहालयात त्याच वर्षाची पुढची फाईल काढायची आहे.